शेजाऱ्याच्या परसातील आवाज

मनुष्याच्या मोठमोठ्या कर्तव्यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो व बोलतोही. परंतु ज्या लहानसहान गोष्टींत आपले दिवस जातात, त्यांविषयी स्वस्थपणे विचार करावयास आपणांस सवड होत नाही. शेजाऱ्याचा कोंबडा अपरात्री आरवतो, त्याचे कुत्रे चंद्र मावळेपर्यंत भुंकते, त्याच्या शेळ्या भिंतीपलीकडे एकसारख्या ओरडतात, ह्या काही नीतिधर्माच्या गोष्टी आहेत असे कोणास वाटत नाही. तथापि खेड्यातील दोन घरांचा अबोला कशावरून पडला ह्याचा शोध करू गेल्यास, शेताच्या बांधाच्या खालोखाल जनावराचेच कारण वारंवार निघते. बांधाचा तंटा निदान मोजणीने मिटतो. आवाजाचा बांध कोण घालणार? म्हणून आम्ही आज हा साधाच प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहो : जे जनावर आपले नाही व ज्याच्यापासून आपणांस काही लाभ नाही, त्याचा उपद्रव आपण कोठवर सोसावा? आणि ज्याचे ते जनावर आहे, तो आपल्या शेजाऱ्याचे काय देणे लागतो?

परंड्याकडील खेडी ज्यांनी पाहिली आहेत त्यांस हा प्रश्न समजावून सांगावयास नको. एका घराची मागची भिंत तीच दुसऱ्याच्या परसाची पुढची भिंत. मुलूख अवर्षणाचा, जिराईत जमिनीचा. एका वर्षी ज्वारी साधली तर दुसऱ्या वर्षी कडबाही हाती लागत नाही. अशा ठिकाणी दोनचार शेळ्या व पाचसहा कोंबड्या हीच गरिबाची पेढी होय. आमच्या जिल्ह्याच्या शेळीने तर जिल्ह्याचे नाव देशभर नेले आहे. सन २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यास धाराशिव असे नाव मिळाले. परंतु शेळी अजून उस्मानाबादीच राहिली आहे. बहुधा काळी, उंच, लांब कानांची, थोड्या चाऱ्यावर तग धरणारी व पुष्कळदा एका वेताला दोन करडे देणारी ही शेळी नसती, तर दुष्काळाच्या सालांत कित्येक विधवांच्या चुली पेटल्या नसत्या. परंतु दोन करडे म्हणजे ओरडणारी दोन तोंडेही होत, आणि ती शेजाऱ्याच्या उशाशी बांधलेली असतात.

परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी मलिक-ए-मैदान नावाची प्रचंड तोफ होती. ती सन १६३२ मध्ये विजापुरास नेली गेली व आज ती तेथेच आहे. ज्या गावाने तोफेचा कानठळ्या बसविणारा आवाज सोसला, त्याच्या वंशजांस कोंबड्याचे आरवणे सोसवू नये, असे कोणी थट्टेने म्हणेल. परंतु ही थट्टा खरी नव्हे. तोफ वर्षांतून एखादे वेळी उडे; कोंबडा रोज आरवतो. जो त्रास एकदाच येतो तो मनुष्य शूरपणाने सोसतो. जो रोज येतो तो त्याच्या मनास कुरतडतो. म्हणून तंट्याचे कारण लहान आहे एवढ्यावरून तंटा करणारास वेडा ठरवू नये.

हे तंटे केवळ आमच्या खेड्यांतच होतात असेही नाही. सन २०१९ च्या मे महिन्यात पुण्याच्या सोमवार पेठेतील एका बाईने पोलीस ठाण्यात अर्ज दिला की, घराजवळील कोंबडा भल्या पहाटे आरवून झोपमोड करतो. त्याच साली फ्रान्स देशातील ओलेरॉन नावाच्या बेटावर मॉरिस नावाच्या कोंबड्याचा खटला चालला. सुट्टीत येऊन राहणाऱ्या शेजाऱ्यांनी फिर्याद केली. आणि ५ सप्टेंबर २०१९ रोजी रॉशफोर येथील न्यायालयाने कोंबड्याच्या धनिणीच्या बाजूने निकाल देऊन फिर्यादींसच एक हजार युरो भरपाई देण्यास सांगितले. पुढे २९ जानेवारी २०२१ रोजी त्या देशात कायदाच झाला की, खेड्यांतील आवाज व वास हेही देशाच्या ठेव्यात मोडतात. केरळात पतनमतिट्टा जिल्ह्यातील अडूरजवळच्या एका गावी सन २०२५ च्या फेब्रुवारीत ह्याच्या उलट झाले. पहाटे तीन वाजता कोंबडा आरवतो व आजाऱ्यास झोप येत नाही, अशी एका वृद्ध शेजाऱ्याची तक्रार होती. अधिकाऱ्याने दोहोंचे ऐकून, जागा स्वतः पाहून, खुराडे चौदा दिवसांच्या आत घराच्या दुसऱ्या बाजूस हलविण्याचा हुकूम केला.

ह्या दोन निकालांपैकी कोणता बरोबर, असे वाचक विचारतील. आमच्या मते दोन्ही आपापल्या ठिकाणी बरोबर असू शकतात, आणि ते असे कसे हे समजले म्हणजे आमचा प्रश्न अर्धा सुटला. फ्रान्समधील न्यायालयापुढे गोष्ट अशी होती की, खेड्यात राहावयास आल्यावर खेड्याचा आवाजच नको असे म्हणता येईल की काय? केरळातील अधिकाऱ्यापुढे गोष्ट अशी होती की, आजारी मनुष्याच्या उशाशी असलेले खुराडे दहा पावले पलीकडे नेल्याने धन्याचे काय बिघडते? एकाने जनावराच्या स्वभावास क्षमा केली. दुसऱ्याने धन्याच्या सोयीस थोडा आळा घातला. ह्यात विरोध नाही. जनावराचा स्वभाव ही एक गोष्ट व धन्याची हयगय ही दुसरी, एवढे ओळखावयास मात्र शिकले पाहिजे.

जनावराच्या स्वभावाविषयी आमच्यांत पुष्कळ अज्ञान आहे. उजेड पाहून कोंबडा आरवतो अशी समजूत आहे. जपानातील नागोया विद्यापीठाच्या विद्वानांनी सन २०१३ मध्ये असे दाखविले की, कोंबड्यांस दिवसरात्र सारख्याच अंधुक उजेडात ठेवले तरी ते आपल्या वेळेस आरवतातच. कारण त्यांच्या अंगातच एक घड्याळ आहे, आणि उजाडण्याच्या पुष्कळ आधी ते त्यांस जागे करते. सन २०१५ मध्ये त्यांनी आणखी असे दाखविले की, एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत जो मानाने वरचा, तो प्रथम आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून आरवतात. तेव्हा शेजाऱ्याने मुद्दाम आपणांस छळण्यासाठी कोंबडा शिकविला आहे, हा संशय सोडून द्यावा. कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही असे आपले लोक म्हणतात. आणि झाकलेल्या कोंबड्यासही उजाडणार आहे हे कळल्यावाचून राहत नाही.

शेळीचे मात्र वेगळे आहे. ती उगाच ओरडत नाही. तिचे करडू दृष्टीआड केले, तिला पाणी दाखविले नाही, चाऱ्याची वेळ टळली, ती माजावर आली किंवा कळपापासून तिला एकटीला बांधले, म्हणजे ती ओरडते. वासरू मेलेल्या गाईचा हंबरडा तर ज्याने ऐकला आहे तो तिच्याविरुद्ध तक्रार करावयास धजणार नाही. कुत्र्याचेही असेच. जो कुत्रा दिवसभर आखूड साखळीने बांधलेला, ज्याच्याजवळ कोणी जात नाही व ज्याला बोलत नाही, तो रात्री प्रत्येक सावलीवर भुंकतो. ते भुंकणे म्हणजे त्याच्या एकटेपणाचा आक्रोश होय. ह्यावरून दिसते की, पुष्कळ आवाज हे खरे पाहता जनावराचे गाऱ्हाणे असते, आणि ते गाऱ्हाणे धन्याविरुद्ध असते. शेजाऱ्याच्या आधी त्या मुक्या प्राण्यानेच फिर्याद केलेली असते. परंतु धनी ती ऐकत नाही.

आणि तो ऐकत नाही ह्याचे कारण त्याचा दुष्टपणा हे नव्हे. कान सवयीचा गुलाम आहे. आगगाडीच्या रुळांजवळ राहणारा गाडीच्या आवाजाने जागा होत नाही. आईस मुलाच्या हुंदक्याने जाग येते, पण विजेच्या कडकडाटाने येत नाही. ज्या कोंबड्याच्या आरवण्याने शेजारी तळमळतो, त्याच आरवण्याने धनी सुखाने कूस बदलतो. कारण त्याच्या मनात त्या आवाजाबरोबर अंडी, पिले, बाजाराचा दिवस व मुलांच्या वह्या ह्यांची आठवण जागी होते. शेजाऱ्याच्या मनात ह्यांपैकी काहीच नाही. म्हणून आम्ही एक नियम सांगतो : आपल्या जनावराचा आवाज किती आहे ह्याचा न्याय धन्याने स्वतः करू नये, त्यासाठी शेजाऱ्याचा कान उसना घ्यावा. आणि धन्याच्या मनात काय हेतू आहे ह्याचा न्याय शेजाऱ्याने करू नये. त्यासाठी धन्याचे तोंडचे उत्तर ऐकावे. बहुतेक तंटे ह्यामुळे वाढतात की, दोघेही नेमके उलट करतात. धनी म्हणतो, "आवाज काही एवढा नाही." शेजारी म्हणतो, "हा मुद्दाम करतो." दोघेही ज्याचे ज्ञान आपणांस नाही त्याविषयी निकाल देऊन बसतात.

आता दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट मांडू. धन्याचे म्हणणे असे : हे गाव आहे, येथे जनावरे ओरडणारच. माझ्या आज्यापणज्याच्या वेळेपासून येथे गोठा आहे. मी चोरी करीत नाही, पोट भरतो. ज्याला शांतता पाहिजे त्याने डोंगरावर जावे. ह्या म्हणण्यात सत्य आहे. जो दूध, अंडी व बोकडाचे मटण आनंदाने घेतो, पण ती ज्याच्यापासून येतात त्याचा शब्दही ऐकू इच्छीत नाही, त्याची तक्रार पुरी प्रामाणिक नव्हे.

शेजाऱ्याचे म्हणणे असे : माझ्या घरात बाळंतीण आहे, किंवा म्हातारी आजारी आहे, किंवा मुलाची परीक्षा आहे. आमच्या भागात आणखी एक कारण आहे. पुष्कळ ठिकाणी शेतीच्या पंपाची वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच मिळत आली आहे. विंचूकाट्यातून रात्रभर पाणी धरून जो शेतकरी पहाटे चिखलाच्या पायांनी घरी येतो, त्याची रात्र तेव्हाच सुरू होते. आणि तेव्हाच शेजारचा कोंबडा दिवस उगवल्याची द्वाही फिरवितो. अशा मनुष्यास "गाव आहे, ओरडणारच" असे सांगणे म्हणजे त्याच्या शिणलेल्या देहाचा अपमान करणे होय. नीतिसूत्रांच्या पुस्तकात एके ठिकाणी (अध्याय २७) असा अर्थ आहे की, जो भल्या पहाटे उठून मोठ्याने आपल्या मित्रास आशीर्वाद देतो, त्याचा आशीर्वादही शापच गणला जातो. जर आशीर्वादाचीही वेळ पाहावी लागते, तर शेळीच्या ओरडण्याची पाहावी लागू नये काय?

मग सीमा कोठे? मोशेच्या नियमशास्त्रात, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, मारक्या बैलाचे प्रकरण आहे. बैलाने मनुष्यास शिंगाने मारले, आणि तो पूर्वी मारका नव्हता, तर धनी निर्दोष. परंतु तो पूर्वीपासून मारका असून धन्यास तशी सूचना मिळाली असता त्याने त्याला आवरले नाही, तर धनी दोषी. वाचकांनी ह्यातील मर्म पाहावे. बैल दोन्ही वेळा तोच, इजाही तीच. मग धन्याचा दोष कशाने आला? सूचनेने. कळल्यावर जबाबदारी येते. आवाज हा काही शिंगाचा घाव नव्हे. तथापि नियम येथेही लागू पडतो. जोपर्यंत धन्यास कोणी सांगितले नाही, तोपर्यंत त्याच्यावर रागावण्याचा शेजाऱ्यास हक्क नाही. आणि एकदा नम्रपणे सांगितल्यावर, "मला काय माहीत" असे म्हणण्याचा धन्यास हक्क नाही. म्हणून ज्यास त्रास होतो त्याने पहिले पाऊल टाकून सांगावे, आणि ज्याचे जनावर आहे त्याने दुसरे पाऊल टाकून काही करावे. पुष्कळ गावांत ह्याच्या उलट घडते : मनुष्य वर्षभर गप्प राहतो, पारावर इतर सर्वांस सांगतो, धन्यास मात्र सांगत नाही, आणि एके दिवशी दगड घेऊन बाहेर पडतो. शेजाऱ्याशी बोलण्याआधी शेजाऱ्याविषयी बोलणे हेच तंट्याचे बी होय.

सरकारच्या कायद्यांतही ह्या गोष्टीस जागा आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी आवाजाची मर्यादा घातली असून, रात्र म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंत असे ठरविले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाविषयी व जनावराच्या बाबतीतील निष्काळजीपणाविषयी कलमे आहेत. दुसऱ्याचे जनावर विष घालून मारणे किंवा लुळेपांगळे करणे ह्यास तर त्याच संहितेच्या ३२५ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हे आम्ही मुद्दाम लिहितो. कारण आवाजाच्या तंट्याचा शेवट कित्येकदा पिठाच्या गोळ्यातील विषाने होतो. ज्या प्राण्याने काही ठरविले नाही, काही मनात धरले नाही, त्याला धन्याच्या वैरापायी मारणे हे भ्याडपणाचे पाप होय. मनुष्याशी बोलावयाचे धैर्य नाही म्हणून त्याच्या कुत्र्याचा जीव घेतला, असा त्याचा अर्थ आहे.

परंतु कायदा काय करू शकतो व काय नाही, हेही ओळखावे. तो खुराडे हलवू शकतो. डोक्यातील राग हलवू शकत नाही. तालुक्याच्या कचेरीत दहा हेलपाटे घालून आणलेला हुकूम दारावर चिकटतो, आणि त्या दिवसापासून दोन घरांतील विस्तव जाणे बंद होते. जेथे जिवास किंवा आरोग्यास धोका आहे, किंवा बलवान मनुष्य कोणाचेच ऐकत नाही, तेथे कायद्याकडे जाण्यात काही पाप नाही. दुर्बळासाठीच तो आहे. परंतु जेथे चार शब्दांनी काम होते तेथे चार कागद खर्चू नयेत.

येथे एका कडू गोष्टीविषयी बोलणे भाग आहे. आवाजाची तक्रार नेहमी आवाजाचीच असते असे नाही. गावात ज्याची सत्ता आहे त्याच्या लग्नाचा कर्णा मध्यरात्रीपर्यंत वाजला तरी कोणी ब्र काढीत नाही. त्याचे कुत्रे रस्त्यावरील पोरांच्या अंगावर धावले तरी लोक हसून बाजूस होतात. परंतु वस्तीच्या टोकास राहणाऱ्या गरीब बाईची कोंबडी जरा कलकलली की लागलीच गावाच्या स्वच्छतेची व शांततेची सर्वांस आठवण होते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी हे सोसले आहे. त्यांची जनावरे, त्यांचे पाणी, त्यांची सावली, सर्वच उपद्रव मानला जात असे. तेव्हा तक्रार करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे : हाच आवाज पाटलाच्या वाड्यातून आला असता तर मी काय केले असते? उत्तर जर "गप्प बसलो असतो" असे येत असेल, तर आपणांस आवाजाचा त्रास थोडा आहे व त्या मनुष्याचा तिटकारा अधिक आहे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजास एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. श्रीमंताला ते एक जनावर वाटले. गरिबाला ते घरातील माणूस होते. ज्या शेळीस आपण कटकट म्हणतो, ती कोणाच्या तरी मुलीच्या शाळेची फी असते.

आणि जी गोष्ट वरून खाली लागू आहे ती खालून वरही लागू आहे. पूर्वी आम्ही सोसले म्हणून आता शेजाऱ्याने आमचे सोसावे, असा हिशेब काढू नये. गरिबीने मनुष्यास पुष्कळ सवलती मिळाव्यात हे योग्य. परंतु शेजारच्या आजाऱ्यास झोपू न देण्याची सवलत त्यात येत नाही. खुराड्यावर पोते टाकावयास पैसे पडत नाहीत. शेळीस वेळेवर पाणी दाखवावयासही पडत नाहीत.

ज्या उपदेशकांस व पंचांस असे तंटे मिटवावे लागतात, त्यांच्यासाठी चार शब्द लिहितो. पहिली गोष्ट : दोघांचे म्हणणे निरनिराळे ऐका, आणि ज्या वेळी आवाज होतो त्या वेळी स्वतः तेथे जाऊन बसा. पहाटे तीन वाजता तक्रारदाराच्या ओट्यावर अर्धा तास बसलेल्या पंचाचे म्हणणे दोघेही मानतात. चावडीत बसून निकाल देणाऱ्याचे कोणी मानत नाही. दुसरी गोष्ट : जनावरास काय कमी आहे ते पाहा. साखळी आखूड आहे काय? करडे आईपासून फार वेळ तोडली आहेत काय? गोठ्यात पाणी आहे काय? तीन कोंबडे कशास पाहिजेत, एकाने भागत नाही काय? जनावराची सोय झाली म्हणजे शेजाऱ्याची आपोआप होते. तिसरी गोष्ट : तक्रारदारास खरोखर काय हवे आहे ते विचारा. पुष्कळदा त्याला कोंबडा नाहीसा व्हावयास नको असतो. आपला त्रास कोणी खरा मानावा एवढेच हवे असते. चौथी गोष्ट : एकच लहान गोष्ट व एकच दिवस ठरवा. "सलोख्याने राहा" ह्या उपदेशाने काही होत नाही. "पौर्णिमेच्या आत खुराडे निंबाखाली न्या, आणि तू खांब रोवावयास हात दे" ह्याने होते. ज्याने मिळून खुराडे हलविले, त्याला त्यातील कोंबडा पूर्वीइतका परका वाटत नाही. शेवटची गोष्ट : उपासनेतील उपदेशात नाव न घेता टोमणा मारू नका. सर्व मंडळी त्या मनुष्याकडे वळून पाहते, आणि तो पुढच्या रविवारी येत नाही.

अब्राहाम व लोट ह्यांच्या गुराख्यांत भांडण झाले तेव्हा ज्याचा हक्क पहिला त्यानेच निवड सोडून दिली, हे उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात आपण वाचतो. त्यांच्यापुढे मोकळा देश होता, म्हणून ते डावीउजवीकडे जाऊ शकले. आमच्यापुढे तो नाही. आमची भिंत जेथे आहे तेथेच राहणार. म्हणून अंतराने जे साधत नाही ते आम्हांस मनाने साधावे लागते.

आणि अंतर हेच मोठे सुख आहे असे तरी कोठे आहे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीच्या भूकंपाने लातूर जिल्ह्यात व आमच्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील उमरगा-लोहारा भागात दगडमातीची घरे क्षणात खाली आणली. हजारो लोक झोपेतच गाडले गेले. सैन्य व सरकारी मदत पोहोचण्यास वेळ लागला. त्या पहिल्या काळोख्या घटकांत ढिगाऱ्याखालची हाक कोणाच्या कानी पडली? ज्याच्या घराची भिंत लागून होती त्याच्या. हातांनी दगड उपसावयास प्रथम कोण धावला? जो वाचला होता तो शेजारी. त्या वेळी कोणी असे विचारले नाही की, ह्याच्या शेळ्या आम्हांस झोपू देत होत्या की नाही. पुढे पुष्कळ गावे नव्या जागी, सरळ रस्त्यांची व मोकळ्या अंगणांची अशी वसविण्यात आली. घरे लांब गेली, आवाजही लांब गेला. परंतु त्याबरोबर हाकेच्या अंतरावरचे माणूसही लांब गेले, असे तेथील कित्येक वृद्ध बोलून दाखवीत.

आम्हांस जे सांगावयाचे आहे ते इतकेच. ज्या भिंतीतून शेजाऱ्याच्या शेळीचे ओरडणे आपल्याकडे येते, त्याच भिंतीतून आपल्या घरचे रडणे त्याच्याकडे जाते. एक ऐकू येऊ नये आणि दुसरे जावे, अशी भिंत कोणत्याही गवंड्याने अजून बांधलेली नाही. म्हणून ज्याच्या कानाची आपणांस एखाद्या रात्री गरज पडणार आहे, त्याचा कान धन्याने रोज शिणवू नये. आणि ज्या शेजाऱ्यास एखाद्या रात्री आपण हाक मारणार आहो, त्याच्या कोंबड्याची हाक आपणही थोडी सोसावी. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात तर ह्याहूनही पुढची आज्ञा आहे : जो आपला द्वेष करतो त्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले, तर तसेच पुढे जाऊ नये, त्याला हात द्यावा. त्यात आधी समेट करा व मग गाढव उठवा असे सांगितलेले नाही. गाढव उठविता उठविता दोघांचे खांदे एका ओझ्यास लागतात, आणि समेट बहुधा तेथेच होतो.

तेव्हा वाचकहो, शेजाऱ्याचा कोंबडा उद्या पहाटे आरवेल तेव्हा दगड हाती घेण्याआधी त्याच्या दारी जाऊन एक शब्द बोलावा. आणि आपलाच कोंबडा असेल, तर शेजारी येण्याची वाट न पाहता आपणच जाऊन विचारावे : "आमच्या जनावरांचा तुम्हांस फार त्रास होतो का?" हा प्रश्न विचारावयास काही खर्च लागत नाही, आणि तो ज्या घराने एकदा विचारला, त्या घराची जनावरे शेजाऱ्यास दुसऱ्या दिवसापासून थोडी कमी ओरडताना वाटू लागतात.